पोटभर जेवलेले मासे

पिंपरतळीच्या मासेमारी स्पर्धेत बासष्ट माणसांनी पाच तास बसून, सगळ्यांनी मिळून, अकरा सेंटिमीटर मासा पकडला. पंच मी होतो आणि मोजपट्टी माझ्याच हातात होती, त्यामुळं आकड्याबद्दल शंका नको. बाहेरगावचे लोक अजून म्हणतात, पाणी खराब झालं असेल. कुणी पाणमांजरांवर ढकलतात. पाण्याचा काही दोष नाही आणि पाणमांजरांचा तर त्याहून नाही. जे केलं ते चंपाबाईंनी केलं.

मी इथल्या शाळेत मास्तर. मूळचा माणातला, दहिवडीच्या पलीकडचा. आमच्याकडं पाणी टँकरमधून येतं आणि बघता बघता संपतं. मेढ्याच्या पुढं पिंपरतळीला बदली झाली आणि खोलीच्या खिडकीतून हे एवढं धरणाचं पाणी दिसायला लागलं, तेव्हा पहिले आठ दिवस मला सारखं वाटायचं की कुणीतरी नळ चालू ठेवून गेलंय. आता सवय झाली. शनिवार-रविवारी पुण्या-साताऱ्याची माणसं येतात, होडीत बसतात, कणीस खातात, फोटो काढतात आणि जाताना म्हणतात, "काय लेक आहे!" आम्ही त्याला धरणच म्हणतो.

त्या 'लेक'वरनंच चंपाबाईंचा आणि गावाचा पहिला संबंध आला.

त्यांचा मुलगा सम्मेद पुण्यात कंपनीत होता. लग्नानंतर बायकोला, श्रद्धाला, घेऊन एकदा इथं होडीत बसायला आला आणि उतरलाच नाही म्हटलं तरी चालेल. नोकरी सोडून त्यानं गावाबाहेरच्या, डोंगराच्या सोंडेपलीकडचं एक बंद पडलेलं हॉटेल चालवायला घेतलं. पलूसला वडील जिनदत्तअण्णा वारले होते, ऊस आणि द्राक्षं भावकीतला एक जण बघत होता, घरात आई एकटी. सम्मेद आईला घेऊन आला. गाडीतून उतरल्यावर चंपाबाईंनी कमरेवर हात ठेवून नव्या पाटीकडं बघितलं. पाटीवर लिहिलं होतं, 'लेक व्ह्यू'.

"लेक कुणाची?" त्यांनी विचारलं.

सम्मेद म्हणाला, "अव्वा, लेक म्हणजे तलाव. इंग्रजीत."

"मला एकच ल्योक, ह्यो. लेकी न्हाईतच. आनि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी लेक बघायची म्हंजे काय? काढ ती पाटी."

पाटी निघाली नाही, पण 'लेक'च्या आधी 'सम्मेद' असं ठळक अक्षरात रंगवून घेतलं तेव्हा कुठं त्या आत गेल्या. त्यानं घोटाळा वाढला, पण त्यांचं समाधान झालं.

चंपाबाई म्हणजे वय वर्षं अडुसष्ट, उंची माझ्या सातवीच्या पोरींएवढी, अंगावर इरकली लुगडं, आणि आवाज असा की होडीवाला ज्ञानू मधल्या पाण्यात असताना त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली तरी तो वल्हं उचलून मागं बघायचा. माहेर मिरजेच्या बाजूचं, त्यामुळं बाई असून "मी आलो, मी जातो" असं बोलायच्या. आमच्या शाळेतल्या पोरांना त्याची इतकी गंमत वाटायची की व्याकरणाच्या तासाला लिंगाचं उदाहरण द्यायची मला चोरी झाली.

हॉटेल शुद्ध शाकाहारी. धरणाच्या काठावर! पर्यटक खुर्चीत बसायचे, पाण्याकडं बघायचे, आणि दहातले आठ विचारायचे, "फिश थाळी आहे का?" सम्मेद खाली मान घालून नाही म्हणायचा. एकदा चंपाबाई स्वतः बाहेर आल्या आणि त्या पाहुण्याला म्हणाल्या, "बाळ, मासा समोर पाण्यात हाय. पोटभर बघ. मग आत ये, मसूर वाढतो." तो माणूस आला, मसूर-भाकरी खाल्ली, आणि पुढच्या रविवारी आणखी सहा जणांना घेऊन आला. मात्र सूर्य मावळला की चूल बंद. दिवेलागणीला कुणी आलं तर चंपाबाई त्याला म्हणायच्या, "आता कुठं जेवतोस? उद्या उजाडताना ये." सम्मेदनं कपाळाला हात लावला, पण आईपुढं त्याचं कधी चाललं होतं?

आता माशांकडं येतो.

जैन माणसं पाणी गाळून घेतात हे मला ऐकून माहीत होतं. गाळलेल्या फडक्यात जे बारीकसारीक जीव राहतात ते फेकायचे नाहीत, जिथलं पाणी तिथंच नेऊन सोडायचे, हे मात्र चंपाबाईंकडून कळलं. पलूसला विहीर होती, विहिरीत सोडायच्या. इथं हॉटेलचं पाणी मोटरीनं धरणातून यायचं. म्हणून रोज सकाळी दिवस उगवला की चंपाबाई फडकं घेऊन हॉटेलमागच्या जुन्या दगडी पायऱ्या उतरायच्या आणि ते फडकं पाण्यात हलक्या हातानं झटकून यायच्या. "ज्याचं त्याला परत," म्हणायच्या.

तिथं त्यांना चार मासे दिसले. फडक्याजवळ येऊन तोंड उघडझाप करणारे. दुसऱ्या दिवशी त्यांनी आदल्या दिवसाची पोळी कुस्करून नेली. तिसऱ्या दिवशी कणकेच्या गोळ्या. मग सम्मेद सांगलीला गेला की येताना चुरमुऱ्याचं पोतं आणायला लागला. साधेच, बिनमिठाचे. एकदा चुकून त्यानं भडंग आणलं तर चंपाबाईंनी ते पोतं तसंच परत पाठवलं. "लसूण हाय त्यात. लेकरांच्या पोटात जाईल."

शाळा हॉटेलपासून दहा मिनिटांवर. मी एकटा राहतो, म्हणून सकाळचा चहा-नाश्ता तिथंच करायचो. दिवाळीनंतरची गोष्ट. चंपाबाई म्हणाल्या, "गुरुजी, या की. माझी शाळा बघून जावा."

पायऱ्यांवर गेलो. पाणी अगदी शांत होतं, धुकं वर चाललं होतं. चंपाबाईंनी स्टीलचा डबा पायरीवर तीनदा आपटला. आणि गड्या हो, पाणी उकळायला लागलं. कटला, रोहू, मृगळ, एकेक हातभर लांब, एकमेकांच्या पाठीवर चढत होते. मागं बारक्यांची गर्दी. माझ्या शाळेचा पट त्रेपन्न, आणि घंटा झाल्यावर त्यातले तीस वेळेवर येतात. इथं हजेरी शंभर टक्के होती.

"कुणाला सांगू नका हां," त्या म्हणाल्या. "दृष्ट लागंल."

मी नाही सांगणार म्हणालो. आजवर दिलेल्या वचनांपैकी हे एवढं एकच मला महागात पडलं.

कारण गावात तेव्हा मच्छीमार सोसायटीचा चेअरमन तात्याबा डोक्याला हात लावून बसला होता. तात्याबा जन्मापासून पाण्यावरचा माणूस. धरणात कुठं काय आहे ते त्याला घरातल्या कोनाड्यांसारखं ठाऊक. पण तीन-चार महिने झाले, जाळ्यात येईल ते हलकंच येत होतं. त्यानं होड्यांच्या मोटारींना दोष दिला, पर्यटकांच्या प्लॅस्टिकला दिला, शेवटी मेढ्याहून एका देवऋषाला आणून पाण्यावर लिंबू सोडलं. चंपाबाई, म्हणजे गावाच्या आज्जी, माशांना खायला घालतात हे गावात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पण सगळ्यांना वाटायचं, घालत असतील मूठभर, दहा-पाच माशांना. सोंडेपलीकडचा तो कोपरा गावातून दिसत नाही आणि सकाळी कोळ्यांची जाळी असायची धरणाच्या भिंतीच्या बाजूला.

अशात ग्रामपंचायतीनं ठरवलं की जानेवारीत 'जलमहोत्सव' भरवायचा. रांगोळ्या, होड्यांची शर्यत, आणि मुख्य आकर्षण म्हणून गळ टाकून मासे पकडायची स्पर्धा. पहिलं बक्षीस कंबरेइतकी ट्रॉफी आणि मिक्सर. पंच म्हणून गुरुजी. कुठल्याही कार्यक्रमात जे काम कुणाला नको असतं ते गुरुजींकडं येतं, हा नियम महाराष्ट्रात सगळीकडं सारखा आहे.

पत्रक हॉटेलवर आलं. श्रद्धानं ते वाचून दाखवलं. ती सांगलीची, बी.कॉम. झालेली, बोलायला स्पष्ट. ती सासूला 'आत्ती' म्हणायची. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आत्ती, एक बोलू? तुम्ही या माशांना माणसाळवलंय. डबा वाजला की येतात. उद्या एखाद्यानं पायऱ्यांवर बसून डबा वाजवला आणि गळ टाकला तर?"

चंपाबाईंचा चेहरा एकदम उतरला. हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर पायरीवर बसून पाण्याकडं बघत होत्या.

"गुरुजी, मी पुण्य करायला गेलो आनि खाटकाच्या दारात नेऊन बांधलं की हो त्यांना."

मी म्हणालो, "घालायचं बंद करा. पांगतील."

"पांगतील आनि उपाशी गळाला लागतील." मग एकदम माझ्याकडं वळल्या. "गुरुजी, एक सांगा. पोट भरलेलं पोरगं दुकानातल्या गोळीकडं बघतंय का?"

मी खरं तेच सांगितलं. "बघतंय. माझी तर सगळी बघत्यात."

"मग पोट अजून जास्त भराय पायजे," चंपाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

स्पर्धेच्या आदल्या शुक्रवारी सम्मेदच्या पिकअपमधून चुरमुऱ्याची चौदा पोती उतरली. मी विचारलं, एवढी कशाला. सम्मेद म्हणाला, "सर, मला काही विचारू नका. मी फक्त ड्रायव्हर आहे."

रविवारी सकाळी सातला स्पर्धा सुरू झाली. गावाच्या बाजूच्या काठावर चुन्यानं आखलेल्या बासष्ट जागा. पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांकडं तीन काठ्या होत्या, प्रत्येकीला चकाकणारं रीळ, आणि एका डब्यात वासाचं आमिष. ते डब्याचं झाकण उघडायचे तेव्हा शेजारचे लोक नाकाला रुमाल लावायचे. कऱ्हाडचे एक जण घडीची खुर्ची, छत्री आणि उशी घेऊन आले होते. बाकीचे आपले बांबूची काठी आणि गांडुळं. आमचा होडीवाला ज्ञानू गर्दी बघून नाव नोंदवून बसला, गळाला भाकरीचा तुकडा लावला, आणि काठी दगडाखाली दाबून झोपला.

लाऊडस्पीकरवर ऋषिराज. एरवी तो बैलगाड्यांच्या शर्यतीत बोलतो, त्यामुळं आवाज टिपेला लावूनच त्यानं सुरुवात केली. "आणि सुटला! सुटला! पुण्याच्या पाहुण्यांचा गळ सुटला! गेला, गेला, पाण्यात गेला... आणि बसला!" त्यानंतर त्याला बोलायला काही उरलं नाही. मासेमारीत गळ पाण्यात गेल्यावर काही होत नाही, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तरी तो हटला नाही. "सतरा नंबर... हलला का? हलला का? नाही, सतरा नंबरनं तंबाखू मळली!"

आठ वाजले, नऊ वाजले. पाणी काचेसारखं. पुण्याच्या गृहस्थांनी तिन्ही काठ्यांची आमिषं बदलली. कऱ्हाडकरांच्या गळाला काहीतरी जड लागलं, काठी वाकली, सगळा काठ उभा राहिला, ऋषिराजचा आवाज चिरकला, आणि वर आली एक चप्पल. डाव्या पायाची. दहा वाजता कुणाला तरी खेकडा लागला, पण त्यानं माणसाचंच बोट धरलं, म्हणून मी तो मासा धरला नाही.

साडेदहाला ज्ञानूची काठी हलली. तो झोपलेलाच होता. शेजाऱ्यानं ओढली. चार बोटं लांबीची चिलापी. मी पट्टी लावली. अकरा सेंटिमीटर, शेपटीसकट.

तात्याबा माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या तोंडाकडं बघवेना. पाहुणे यायचे होते. चारशे माणसांना माशाचा रस्सा-भात जाहीर केला होता, आणि सोसायटीच्या जाळ्यात पहाटे निघालेला मासा दहा माणसांना पुरला नसता. बचतगटाच्या मायानं मसाला वाटून दोन मोठ्या पातेल्यांत फोडणी देऊन ठेवली होती. वास घमघमत होता. नुसता वासच.

अचानक तात्याबानं मान वर केली. सोंडेच्या वर, पलीकडच्या बाजूला, बगळ्यांचा थवा फिरत होता आणि त्यांच्याही वर घारी. कोळ्याच्या पोराला पाखरं वाचता येतात. त्यानं माझा हात धरला. "गुरुजी, चला. होडीत बसा."

"मी कशाला?"

"पंच हाय न्हवं तुमी? मग चला."

वल्हं मारत आम्ही सोंडेला वळसा घातला. आणि समोर पायऱ्या.

चंपाबाई खालच्या पायरीवर बसल्या होत्या. एका बाजूला श्रद्धा पोतं सोडत होती, दुसऱ्या बाजूला रिकाम्या पोत्यांची चळत. चंपाबाईंचा उजवा हात पेरणीसारखा फिरत होता आणि समोर पंचवीस-तीस हात पाणी नुसतं माशांनी काळं झालं होतं. मासे आता घाईसुद्धा करत नव्हते. लग्नातल्या शेवटच्या पंगतीसारखे सावकाश तोंड हलवत होते.

तात्याबाच्या हातातलं वल्हं थांबलं. "आज्जी," तो म्हणाला, "हे काय चाललंय?"

"जेवण," चंपाबाई म्हणाल्या. हात थांबला नाही.

"कवापास्नं?"

"दिवस उगवल्यापास्नं. आता ताक-भातावर आलेत."

तात्याबा होडीच्या काठावरून वाकला. एक मोठा कटला त्याच्या हाताखालून गेला, आणि तात्याबाचा आवाजच बदलला. "ह्यो... ह्यो मी सोडलाय. दोन वर्सं झाली. बोटाएवढा व्हता. पिशवीत हवा भरून आणलावता बीज, टेम्पोत मांडीवर घिऊन बसलोवतो म्या, धक्का लागू न्हाई म्हणून!"

"सोडला तुमी," चंपाबाई म्हणाल्या. "वाढवला कुणी?"

"धरणानं वाढवला!"

"धरण चुरमुरे भाजतंय व्हय?"

तात्याबानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. तेवढ्यावरनंच त्याला कळलं. "गुरुजी! तुमास्नी म्हाईत व्हतं!"

मी घसा खाकरला.

तात्याबा उठून उभा राहिला. होडीत जाळं होतं, ते त्यानं खांद्यावर घेतलं. एका फेकीत अर्धी सोसायटी तरली असती. मी म्हणालो, "तात्याबा, नियमात फक्त गळ आहे." तो म्हणाला, "नियम गेला खड्ड्यात. चारशे माणसं जेवाय बसणार हायत."

चंपाबाईंनी डबा खाली ठेवला. लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि एक पायरी उतरल्या. मग दुसरी. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. मासे पळाले नाहीत, उलट त्यांच्या पायांभोवती जमले आणि चोखायला लागले. चंपाबाईंना गंभीर राहायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं, पण गुदगुल्या व्हायला लागल्या. ओठ दाबूनही त्यांना हसू फुटलं.

"टाका जाळं," त्या हसत हसत म्हणाल्या. "मी बी येतो त्यात. काट्यावर वजन तरी बरं भरंल. पैला नंबर तुमचाच. व्हय का न्हाई, गुरुजी?"

श्रद्धा घाबरून ओरडली, "आत्ती, वर या!"

तात्याबा तसाच उभा. खांद्यावरचं जाळं हळूहळू खाली आलं. "आज्जी," तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "तुमाला पवाय येतंय?"

"न्हाई."

"मग जागच्या हलू नका! फुडं पायरी न्हाई. तिथनं बारा पुरुष पाणी हाय."

चंपाबाईंचं हसू एकदम थांबलं. त्यांनी खाली बघितलं. मग तात्याबानं होडी अलगद जवळ घेतली, वल्हं आडवं पुढं केलं, आणि चंपाबाई ते दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी वर आल्या. वर येऊन बसल्या तेव्हा दोघंही धापा टाकत होती. ह्या धरणातून त्यानं कितीतरी माणसं काढलीत, काही जिवंत आणि काही नाही.

मग चंपाबाईंनी विचारलं, "चारशे माणसांचं काय म्हणत होता?"

"मसाला तयार हाय. फोडणी बसलीया. त्यात टाकाय मासा न्हाई."

"मसूर टाका. दोन पोती हायत आत."

"माशाच्या रश्शात मसूर?"

"मासा हाय का त्यात?"

"न्हाई."

"मग तो माशाचा रस्सा कसा झाला? रस्सा हाय नुसता. त्यात मी मसूर टाकतो."

तात्याबा होडी बांधून मसुराची पोती आणायला आत गेला.

मसूर शिजायला वेळ हवा होता. म्हणून मी व्यासपीठावर जाऊन साताऱ्याहून आलेल्या प्रमुख पाहुण्यांच्या कानात सांगितलं की भाषण जरा लांबवा. त्यांना हे आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सांगितलं असावं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. ते पाऊण तास बोलले. मग बक्षीस समारंभ. ज्ञानूला उठवून आणलं, ट्रॉफी दिली, मिक्सर दिला. वर्तमानपत्रात फोटो आला त्यात ट्रॉफी दिसते, ट्रॉफीमागं ज्ञानूचे केस दिसतात, आणि मासा कुठंच दिसत नाही.

अडीचला पंगत बसली. मायाच्या मसाल्यात लसूण होता म्हणून चंपाबाईंनी त्या पातेल्याला हात लावला नाही, पण काठीनं दाखवत उभ्या राहिल्या. "अजून उकळू दे. मीठ कमी वाटतंय वासाला. वाढा आता, दिवस हाय तवर उरका." मायाला कुणी काम सांगितलेलं चालत नाही, पण त्या दिवशी ती गुमान ऐकत होती. चारशे माणसं भाताबरोबर तो अख्खा मसूर भुरके मारत जेवली. प्रमुख पाहुणे डोळे मिटून खात होते. तिसऱ्यांदा रस्सा घेताना म्हणाले, "मासा काय साफ केलाय! एक काटा लागला नाही." तात्याबानं माझ्याकडं बघितलं, मी तात्याबाकडं. दोघांनीही मान डोलावली.

पुण्याचे गृहस्थ मात्र जाताना पाण्याकडं बघत म्हणाले, "इथं मासाच नाही." चंपाबाई शेजारीच होत्या. "न्हाईच," त्या म्हणाल्या. "तुमी तिकडं दुसरीकडं जावा बघू." खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नेम. त्या दिवशी संध्याकाळी त्याचं प्रायश्चित्त म्हणून एक माळ जास्त ओढली.

तात्याबा गावात ओरडत सुटेल असं मला वाटलं होतं. तो सुटला नाही. आठ दिवसांनी शाळेच्या वर्गात सोसायटीची बैठक घेतली आणि चंपाबाईंना बोलावलं. त्या पोरांच्या बाकावर बसल्या, पाय जमिनीला टेकत नव्हते. तात्याबा म्हणाला, पायऱ्यांपास्नं पन्नास हात दोरी बांधू, दोरीला डबे तरंगत सोडू, त्याच्या आत सोसायटीचं जाळं पडणार नाही. पण आज्जींनी सगळं धरण आपल्या पंगतीला बसवायचं नाही. आठवड्यातून दोन दिवस खायला घालू नका.

"लेकरांना उपाशी ठेवू व्हय?"

"तुमच्यात उपास असत्यात न्हवं?" तात्याबा म्हणाला. तो बहुतेक रात्रभर विचार करून आला होता. "अष्टमीला, चतुर्दशीला. लेकरास्नी बी लावा की वळण."

चंपाबाई पहिल्यांदा अडकल्या. धर्माच्याच गोष्टीला नाही कसं म्हणायचं? महिन्यातून दोन अष्टमी, दोन चतुर्दशी, असे चार दिवस ठरले. त्या चार दिवसांत मासे खायला शोधत बाहेर पडायचे आणि तात्याबाची जाळी जड व्हायची. हे चंपाबाईंना कळत नव्हतं असं नाही. एकदा मला म्हणाल्या, "गुरुजी, सगळं धरण माझ्या पदरात मावत न्हाई. पदरात हाय तेवढं तरी सांभाळतो." त्या दिवशी त्यांचा आवाज मोठा नव्हता.

पण हार मानणारी बाई ती नव्हे. दोनच महिन्यांत तात्याबा तणतणत शाळेत आला. "गुरुजी, आज्जी फसवत्यात. उपासाच्या आदल्या दिशी दुप्पट घालत्यात. मासा दुसऱ्या दिशी हलंना झालाय!" मी त्याला घेऊन हॉटेलवर गेलो. चंपाबाई शांतपणे म्हणाल्या, "उपासाच्या आदल्या दिवशी धारणं असतंय. नीट जेवूनच उपास धरायचा. पुस्तकात हाय. दाखवू?"

तात्याबाला पुस्तक नको होतं. त्यानं सम्मेदकडून एक जैन कॅलेंडर मागून घेतलं आणि होड्यांच्या शेडमध्ये टांगलं. आता तो रोज सकाळी पाणी बघायच्या आधी तिथी बघतो. मी गावाकडं बायकोला फोनवर सांगितलं तर तिचा विश्वास बसला नाही.

गेल्या आठवड्यात मी नाश्त्याला बसलो होतो, तेवढ्यात तात्याबा कॅलेंडर काखेत मारून आला. पायऱ्यांवर चंपाबाईंनी नुकतंच सकाळचं खायला घातलं होतं.

"आवं आज्जी, काल तेरस व्हती," त्यानं बोट ठेवून दाखवलं. "आज अमावस्या हाय. मधली चतुर्दशी गेली कुठं?"

"ह्या खेपेला चतुर्दशीचा क्षय हाय," चंपाबाई म्हणाल्या.

"क्षय? कुणी केला?"

"चंद्रानं."

"सोसायटीला इचारलं व्हतं का त्यानं?"

"बसा आदी," चंपाबाई म्हणाल्या. "आंबोळ्या गरम हायत."

तात्याबा बसला. तिसऱ्या आंबोळीला तो म्हणाला की पुढच्या महिन्यात एक दिवस भरून द्यावा लागेल, तो ऐकणार नाही. चंपाबाईंनी त्याच्या ताटात चौथी वाढली आणि म्हणाल्या, "बघू."